मंगलागौरीच्या गल्लीतून शाळेकडे

काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आल्यावर ज्या गल्लीत मंगलागौरीचे देवालय लागते, त्या गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन माणसांपैकी एकाने भिंतीला खेटून उभे राहावे आणि गाय आली असता दोघांनीही उभे राहावे, असा तेथील अलिखित कायदा आहे. चैत्रातल्या नवगौरीयात्रेत अष्टमीचा मान या देवीचा. तिच्याच आवारात गभस्तीश्वर आणि बारा आदित्यांपैकी मयूखादित्य यांचीही स्थाने आहेत. घरांच्या क्रमांकांपूर्वी कोतवाली विभागाचे ‘के’ हे अक्षर येते, आणि पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, रामघाट या चार घाटांच्या वरच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या दक्षिणी कुटुंबांच्या दारांवर अद्यापि मराठी आडनावे वाचावयास मिळतात. या वस्तीत शाळेची गाडी येत नाही, येऊ शकत नाही. मूल घरून निघाले की त्याला हाताला धरून मैदागिन किंवा विशेश्वरगंजच्या रस्त्यापर्यंत चालवत न्यावे लागते, आणि तेथे गाडी अथवा, आजकाल अधिक वेळा, ज्याला बनारसी लोक ‘टोटो’ म्हणतात ते विजेवरचे तीनचाकी वाहन त्याची वाट पाहत असते.

उत्तर प्रदेशात शालेय वर्ष एप्रिलच्या प्रारंभी सुरू होते, म्हणून माघ-फाल्गुनापासूनच या गल्लीतील आईबापांच्या बोलण्यात शाळेचा विषय निघू लागतो. बालवाडी कोणती, शाळा कोणती, आणि बारावीनंतर पोराने कोणता हुन्नर शिकावा, या तिन्ही प्रश्नांची चर्चा बाहेरून पाहणाऱ्यास कोणत्याही शहरातल्या चर्चेसारखीच भासते. परंतु काशीत तिला चारशे वर्षांची एक पार्श्वभूमी आहे, आणि ती ध्यानी घेतल्यावाचून आजच्या पालकाची अडचण नेमकी काय आहे हे उमगत नाही. आमच्या मते ती अडचण अशी, की येथील पालक पूर्वी शिक्षक कानांनी पारखीत असे आणि आता त्याला शाळा डोळ्यांनी, म्हणजे फलकावरून, पारखावी लागते.

सतराव्या शतकात, १६६५च्या सुमारास, फ्रान्स्वा बर्निये नावाचा फ्रेंच वैद्य काशीत आला. त्याने या नगराला हिंदुस्थानचे अथेन्स म्हटले खरे, परंतु लगोलग नोंदवून ठेवले की युरोपातल्यासारखी विद्यापीठे किंवा वर्ग येथे नाहीत. गुरुजन नगरभर, खासगी घरांतून आणि विशेषतः उपनगरांतील श्रीमंतांच्या बागांतून विखुरलेले होते. कोणापाशी चार विद्यार्थी, कोणापाशी सहा-सात, फार नावाजलेल्या गुरूपाशी बारा-पंधरा. विद्यार्थी दहा-बारा वर्षे गुरूजवळ राहत आणि सावकारांनी पुरविलेल्या खिचडीवर निर्वाह करीत. मुलाला काशीस पाठवायचे म्हणजे एखाद्या संस्थेत घालायचे, ही कल्पनाच त्या काळी नव्हती. अमुक एका माणसाच्या ओटीवर त्याला बसवायचे एवढाच तिचा अर्थ होता, आणि तो माणूस कसा शिकवतो हे त्याच्या ओटीखालून जाता-येता ऐकू येत असे.

या ओट्यांपैकी कित्येक मराठी होत्या. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीस येऊन स्थायिक झाले. १५१३ साली जन्मलेले त्यांचे पुत्र नारायणभट्ट हे विश्वनाथाच्या मंदिराच्या पुनरुभारणीशी निगडित. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२चा. आणि पणतू विश्वेश्वर म्हणजे गागाभट्ट, १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे. महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर मूळचे कोपरगावचे. वैयाकरण नागेशभट्ट काळे हे भट्टोजी दीक्षितांचे नातू हरिदीक्षित यांचे शिष्य. या सर्वांच्या बाबतीत ‘कोणाचा शिष्य’ हा एकच प्रश्न विचारला जाई, आणि त्याचे उत्तर हीच त्यांची सनद असे. आज दाखल्यावर मंडळाचे नाव असते, त्या जागी तेव्हा एका माणसाचे नाव असे. एकनाथमहाराजांनी आपल्या भागवताची समाप्ती १५७३च्या कार्तिकी पौर्णिमेस याच नगरीत केली, तीही काशीच्या पंडितांच्या परीक्षेस उतरल्यानंतर, असे परंपरा सांगते. आणि ज्याला कोणी ओटीवर बसू देणार नव्हते त्या कबीराने पंचगंगेच्या पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात आडवे पडून रामानंदांकडून मंत्र मिळविला, ही आख्यायिका त्याच घाटावरची. प्रवेश नाकारला जाण्याची तक्रार या घाटाला नवी नाही.

अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा मानस नाही. ओटीवर बसू शकणारे मूल एका वर्णाचे, एका लिंगाचे आणि बहुधा ओळखीचे असे. तथापि एक गोष्ट तीत खात्रीची होती: शिकविणारा कोण, हे बापाला ठाऊक असे.

सरकारमान्य संस्था काशीत आली ती १७९१ साली, कंपनी सरकारचा येथील रेसिडेंट जॉनाथन डंकन याच्या तजविजीने. हाच डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, १८११ साली तेथेच वारला आणि सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन झाले. संस्कृत पाठशाळेसाठी त्याने वार्षिक मोईन मंजूर करून घेतली, अध्यापकांना वेतने बांधून दिली, आणि काशीनाथ नामक पंडिताला मुख्य नेमले. दहा वर्षांच्या आत, १८०१ साली, पैशाच्या गैरव्यवहाराच्या ठपक्यावरून त्या मुख्यालाच दूर करावे लागले. संस्थेवर सरकारी मोहोर असली म्हणजे आतला हिशेब चोख असतोच असे नाही, हा धडा काशीने पाहिला तो असा अगदी प्रारंभीच. पुण्यातही १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज निघाले, ते पेशव्यांच्या श्रावणमासाच्या दक्षिणेतून. तेव्हा महाराष्ट्राने ही नवी रीत काशीपाठोपाठ तीस वर्षांनी स्वीकारली असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु सरकारी पाठशाळेलाही कीर्ती मिळवून दिली ती माणसांनीच. पुण्यात १८२१ साली जन्मलेले बापूदेवशास्त्री नागपुरास लीलावती आणि बीजगणित शिकत असता लॅन्सलॉट विल्किन्सन या अधिकाऱ्याच्या नजरेस पडले. त्याने त्यांना सीहोरच्या शाळेत नेले आणि पुढे १८४२ साली त्याच्याच शिफारशीवरून ते काशीच्या पाठशाळेत रुजू झाले. सूर्यसिद्धांताचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६१ साली प्रसिद्ध झाले. राजारामशास्त्री कार्लेकर आणि बाळशास्त्री रानडे हेही त्याच पाठशाळेतले. आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय ते हेच: १९५८ साली विश्वविद्यालय झाले, १९७४ साली त्याला सध्याचे नाव मिळाले.

मंगलागौरीहून रामघाट अगदी जवळ. तेथील श्री वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय हे आजही त्या जुन्या रीतीने चालणाऱ्या थोड्या पाठशाळांपैकी एक. अयोध्येच्या राममंदिराचा मुहूर्त काढणारे गणेश्वरशास्त्री द्रविड याच परंपरेतले. आणि २२ जानेवारी २०२४च्या प्राणप्रतिष्ठेत मुख्य आचार्य असलेले, मूळचे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे लक्ष्मीकांत दीक्षित, जे त्याच वर्षी जूनमध्ये निवर्तले, ते मीरघाटच्या सांगवेद महाविद्यालयात शिकवीत आणि राहत मंगलागौरीस. २०२५च्या नोव्हेंबरअखेर रामघाटच्या विद्यालयात अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेच्या सुमारे दोन हजार मंत्रांचे दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत अखंड पूर्ण केले, आणि त्याची वार्ता देशभर गेली. दंड ही वेदपाठाच्या आठ विकृतींपैकी एक. तीत पदे पुढे-मागे अशी उलटसुलट म्हणत जावी लागतात, आणि स्वर चुकला की मागे फिरावे लागते.

त्या वार्तेनंतर अशा पाठशाळांकडे महाराष्ट्रातील पालकांचे लक्ष नव्याने वळले असल्यास नवल नाही. परंतु मुलाची मुंज आटोपून त्याला काशीस धाडण्याचा विचार करणाऱ्या बापाने जे प्रश्न विचारावयाचे ते वार्तेत सापडत नाहीत. पहिला प्रश्न शाखेचा. देशस्थ ऋग्वेदी घरच्या मुलाची स्वशाखा शाकल. कोकणातल्या पुष्कळांची हिरण्यकेशी, म्हणजे तैत्तिरीय. आणि काशीत प्राबल्य माध्यंदिनाचे. आपल्या शाखेची संथा देणारे गुरुजी त्या पाठशाळेत आहेत की नाहीत, हे न पाहता मूल ठेवणे म्हणजे संस्कृतच्या वर्गात बसवून फारसी शिकविण्याची अपेक्षा धरणे होय. दुसरा प्रश्न जेवणाचा आणि निजण्याचा. पूर्वी माधुकरी आणि वार यांवर भागे, आज अन्नाची व्यवस्था संस्थेने केलेली असते, तेव्हा स्वयंपाकघर स्वतः जाऊन पाहावे. तिसरा प्रश्न जुन्या बापाला कधी पडला नाही, आजच्याला पडल्यावाचून राहत नाही: दहावीचे काय?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी अवघड होते, आता काहीसे सोपे झाले आहे. उज्जैनचे महर्षी सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान १९८७ साली स्थापन झाले. त्याच्या मान्यतेखालील पाठशाळांतून ‘वेदभूषण’ ही परीक्षा दहावीच्या आणि ‘वेदविभूषण’ ही बारावीच्या तोडीची धरली जाते, आणि २०२२ पासून त्यासाठी स्वतंत्र मंडळही आहे. उत्तर प्रदेशात याशिवाय राज्याच्या संस्कृत शिक्षा परिषदेच्या पूर्वमध्यमा आणि उत्तरमध्यमा या परीक्षा आहेत. पाठशाळा या दोहोंपैकी कोणाशी संलग्न आहे, की कोणाशीच नाही, हे दप्तरात जाऊन विचारण्यास संकोच वाटू नये. गुरुजी घनपाठी असले तरी संलग्नता नसलेल्या ठिकाणी बारा वर्षे घालविलेल्या मुलाला पुढे अभियांत्रिकीच काय, साध्या कारकुनीच्या अर्जासाठीही बाहेरून परीक्षा देत बसावे लागते. ज्या बापाने हे सर्व जाणून मुलाला संथेला बसविले त्याच्या धैर्याबद्दल आम्हांस आदर आहे. न जाणता बसविणाऱ्याबद्दल नाही.

मुलींसाठी ही वाट अरुंद. रामघाटच्या वळणाच्या पाठशाळांतून बसतात ते मुलगेच. त्याच काशीत तुलसीपूर येथे प्रज्ञादेवी यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या पाणिनि कन्या महाविद्यालयात मुली अष्टाध्यायी आणि वेदपाठ शिकतात, तो आर्यसमाजी परंपरेचा वारसा. आणि इंग्रजी विद्येसाठी अॅनी बेझंट यांनी १८९८ साली काढलेल्या सेंट्रल हिंदू कॉलेजाच्या मागोमाग १९०४ साली मुलींची शाळाही कमच्छास निघाली. मणिकर्णिका तांबे, म्हणजे झाशीची राणी, हिचा जन्म याच नगरीतला असला तरी तिच्या शिक्षणाची कथा बिठूरची; या गल्ल्यांना तिचे श्रेय नाही.

आता लहानग्यांकडे येऊ, कारण सर्वांत अधिक पैसा आणि सर्वांत कमी माहिती या दोहोंचा संगम तेथेच आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी सरकारची व्यवस्था अंगणवाडीची, १९७५ पासूनची. तिच्याकडे मध्यमवर्ग ढुंकूनही पाहत नाही, आणि मग तीन खोल्यांच्या जुन्या घरात रंगीत फलक लावून चालविलेल्या ‘इंग्लिश मीडियम’ बालवाडीला महिन्याची फी मोजतो. मोठ्या नावांच्या शाळा गल्लीच्या बाहेर: लहरतारा, भगवानपूर, वरुणेपलीकडे. सनबीमसारख्या १९७२ पासून वाढत गेलेल्या संस्थांच्या शाखा याच भागांत आहेत, कारण क्रीडांगणाला लागणारी जमीन तेथेच मिळते. पक्क्या महालातल्या, म्हणजे घाटांवरच्या या जुन्या वस्तीतल्या, घराला अंगण असते, मैदान नसते. म्हणून मंगलागौरीच्या आईपुढे निवड अशी उभी राहते: पायी तीन मिनिटांवरची अंधारी खोली, की टोटोतून पाऊण तासावरचे हिरवे मैदान. चार वर्षांच्या मुलाचा दररोज दीड तास बनारसच्या जाममध्ये घालविण्याची किंमत त्या मैदानाच्या फीत धरलेली नसते. श्रावणात सोमवारी कावडियांच्या गर्दीमुळे अलीकडे जिल्हा प्रशासन शाळांना सुट्टीच देऊ लागले आहे. भाद्रपदात गंगा चढली की घाट बुडतात आणि खालच्या गल्ल्यांतून पाणी येते. कार्तिकी पौर्णिमेस देवदीपावलीच्या गर्दीत मूल रस्त्यावर नेणे म्हणजे साहसच. शाळेच्या पंचांगाशी या वस्तीचे पंचांग जुळत नाही, आणि मान तुकवावी लागते ती मुलाला.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदान शाळांतील प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या आहेत. उत्तर प्रदेशात उत्पन्नाची मर्यादा वार्षिक एक लाख रुपये. शाळेला सरकार दरमहा मुलामागे ४५० रुपये देते आणि पुस्तके-गणवेशासाठी पालकाला वर्षाला ५,००० रुपये. अर्ज संगणकावर, निवड चिठ्ठीने. येथवर सर्व ठीक. पण शहरात ‘शेजार’ याचा अर्थ प्रभाग असा केला आहे, आणि वाराणसी महानगरपालिकेच्या शंभर प्रभागांपैकी ज्या प्रभागात मोठ्या शाळा बांधायला जमीनच नाही त्या प्रभागातील गरिबाच्या वाट्याला येणार तरी कोणती शाळा? हक्क सर्वांना सारखा आणि यादी मात्र प्रभागागणिक वेगळी, असा हा न्याय आहे. ज्याने नियम लिहिला त्याने ग्रामपंचायतीचा नकाशा डोळ्यांपुढे धरला असावा. सातव्या गल्लीतून आठवीत शिरताना प्रभाग बदलतो, हे त्याच्या ध्यानी आले नसावे.

सरकारी प्राथमिक शाळांची गोष्ट निराळी. २०२५च्या जूनमध्ये राज्य सरकारने कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळांना जोडण्याचा हुकूम काढला. प्रकरण अलाहाबादच्या उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने तो हुकूम उचलून धरला, आणि नंतर मंत्र्यांनीच जाहीर केले की एक किलोमीटरहून दूरच्या शाळेत कोणाला जोडणार नाही. लहान मुलाच्या पायांना किती अंतर झेपते, हा प्रश्न शेवटी सरकारलाही किलोमीटरांत मांडावा लागला, याची आम्ही नोंद घेतो.

फीविषयी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. उत्तर प्रदेशाच्या २०१८च्या फी-नियमन कायद्याने अमुकच दुकानातून पुस्तके-गणवेश घ्या अशी सक्ती करण्यास मनाई केली आहे, पाच वर्षांच्या आत गणवेश बदलता येत नाही, आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे नेता येते. परंतु हा कायदा वर्षाला वीस हजारांहून अधिक फी घेणाऱ्या शाळांनाच लागू. म्हणजे गल्लीतील जी स्वस्त शाळा गरीब पालक निवडतो, तिलाच या बंदोबस्तातून मोकळीक. तेथे पालकाच्या हाती उरते ते शिक्षणहक्क कायद्याचे शस्त्र: शाळेला बेसिक शिक्षा अधिकाऱ्याची मान्यता आहे का, तिचा यूडायस क्रमांक काय, प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक आहे का. प्रवेशासाठी मुलाची वा आईबापांची मुलाखत घेणे आणि देणगी मागणे या दोन्हींना तोच कायदा बंदी करतो. आणि तरीही पालक मुलाला नवे कपडे घालून ‘इंटरव्ह्यू’ला नेतात, हे पाहून हसावे की खेद करावा हे आम्हांस कळत नाही.

घरात मराठी, गल्लीत काशिका, पाठशाळेत संस्कृत, फलकावर इंग्रजी: या वस्तीतले मूल चार भाषांतून वाढते, आणि त्यांपैकी मराठीला वर्गखोली नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयात मराठीचा विभाग आहे, परंतु तेथवर पोहोचेतो मूल अठरा वर्षांचे होते. बाबूराव विष्णु पराडकर याच काशीत १८८३ साली जन्मले आणि ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी गद्याला वळण लावले. मराठी घरातून येऊन हिंदीचे इतके भले करणारा माणूस बालवाडीच्या माध्यमाची चिंता करीत बसला असता का, अशी शंका आम्हांस येऊन जाते.

राहिला प्रश्न हुन्नराचा. बालाजी घाट आणि मंगलागौरी हा बिस्मिल्ला खाँ यांच्या घराण्याच्या चौघड्याचा मुलूख. १९१६ साली डुमराँवला जन्मलेला तो मुलगा मामा अलीबक्ष यांच्याकडे काशीत शिकला आणि बालाजीच्या देवळात त्याने वर्षानुवर्षे रियाज केला. त्या शिक्षणाला प्रमाणपत्र नव्हते, आणि लागतही नव्हते, कारण परीक्षक सगळा मोहल्ला होता. आज बारावीनंतर तांत्रिक शिक्षण घेऊ पाहणाऱ्या मुलासाठी करौंदीची सरकारी आयटीआय आहे. विणकामाकडे ओढा असेल तर चौकाघाट येथे १९५६ साली स्थापन झालेली भारतीय हातमाग तंत्रज्ञान संस्था आहे, जी बनारसी साडीच्या गावात असूनही आमच्या ओळखीच्या किती मराठी घरांनी पाहिली असेल याबद्दल आम्ही साशंक आहोत. खासगी आयटीआय निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: प्रमाणपत्र राष्ट्रीय परिषदेचे मिळणार की संस्थेच्या मालकाच्या सहीचे, जे सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येते, आणि एका यंत्रामागे किती मुले उभी राहतात, जे घरबसल्या तपासता येत नाही. लेथ एक आणि मुले वीस असतील, तर एकोणीस मुले लेथ पाहण्याचे शिक्षण घेत आहेत.

दुर्गाकुंड आणि लंकेच्या बाजूचे शिकवणीवर्ग हा निराळाच बाजार. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालील विद्यार्थ्याला असे वर्ग प्रवेश देऊ शकत नाहीत, आणि विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावयाची असते. अंमलबजावणी राज्यांवर सोपविलेली, म्हणून पावती जपून ठेवावी आणि एकरकमी फी भरण्याच्या आधी हा नियम तोंडपाठ असावा. या बाजाराबद्दल आमच्या मनात फारसा आदर नाही. परंतु एक गोष्ट त्याच्या पदरात घालणे भाग आहे. बालवाडी पालकाला दाराबाहेर उभे करते, शाळा वर्गात बसू देत नाही, आणि पैशासाठी उघडलेला हा शिकवणीवर्ग मात्र ‘डेमो क्लास’ म्हणून मुलाला दोन-तीन दिवस फुकट बसू देतो, की शिक्षकाचा आवाज ऐक आणि मग ठरव. बर्नियेच्या काळी हे काशीतल्या प्रत्येक ओटीखाली विनामूल्य चालत असे.